न्यू जर्सीला १४च का? (इलेक्टरांच्या वाटपाचं गणित)

चिमणी_एडिसन

माझे बाबा नाशिकला असतात. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता रिटायर. अमेरिकेची निवडणूक आली की टीव्हीसमोरून हलत नाहीत. परवा व्हिडिओ कॉलवर नातीची चौकशी करायच्या आधी मलाच विचारलं, "तुमच्या न्यू जर्सीला १४ इलेक्टर. १३ का नाहीत? १५ का नाहीत?" मी म्हटलं, लोकसंख्येवर असतं ते बाबा. तर म्हणाले, "लोकसंख्येवर म्हणजे कसं? कशाने भागलं? बाकी उरली तिचं काय केलं?" दहावीत फळ्यापाशी उभं करायचे तेव्हा व्हायचं तसंच झालं एकदम.

मला माहीत आहे ते एवढंच. राष्ट्राध्यक्ष शेवटी निवडतात ते राज्याराज्यांचे इलेक्टर. राज्याच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा अधिक सिनेटच्या दोन, झाले त्या राज्याचे इलेक्टर. ४३५ अधिक १०० अधिक राजधानी वॉशिंग्टनचे ३, एकूण ५३८, आणि जिंकायला २७०. आमचे १२ अधिक २, म्हणून १४. पण ते १२ आले कुठून?

दुसरा किडा माझा स्वतःचा. २०२० च्या जनगणनेचा फॉर्म मीच भरला. घरात तिघं. मी आणि नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, लेक इथलीच पण तेव्हा सहा महिन्यांची. म्हणजे तिघांत मत एकालाही नाही आणि मोजले गेलो तिघंही. मग त्या १४ मध्ये आमचाही खारीचा वाटा आहे की नाही? आणि असेल तर हे बरोबर आहे का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडूस काका

प्रकाश मागाहून. आधी बाबांना माझा नमस्कार सांगा. "बाकी उरली तिचं काय केलं" या एका प्रश्नावर अमेरिकेची संसद दीडशे वर्षं भांडत होती.

वाचनमात्र

भाजलेले शेंगदाणे घेऊन बसलो आहे.

बोरूबहाद्दर

काका थट्टा करत नाहीयेत. पहिली जनगणना १७९० ची. त्यावरून जागा वाटायचं बिल आलं, त्यात १२० जागा होत्या. जॉर्ज वॉशिंग्टननी १७९२ च्या एप्रिलमध्ये ते परत पाठवलं. अमेरिकेच्या इतिहासातला राष्ट्राध्यक्षाचा पहिला नकाराधिकार, आणि तो अपूर्णांकांच्या भांडणावर! राज्यघटनेत अट होती की ३०,००० माणसांमागे एकापेक्षा जास्त प्रतिनिधी नको, आणि त्या बिलात आठ राज्यांना त्याहून जास्त मिळत होते. बिल अर्थमंत्री हॅमिल्टनच्या पद्धतीचं होतं: आधी पूर्ण भाग द्या, मग ज्यांची बाकी मोठी त्यांना उरलेल्या जागा. परराष्ट्रमंत्री जेफर्सन म्हणाला, बाकी सरळ सोडून द्या. शेवटी त्याचं ऐकलं आणि १०५ जागा झाल्या. बाकी सोडून देण्यात मोठ्या राज्यांचा फायदा असतो. जेफर्सन कुठला? व्हर्जिनियाचा. सगळ्यात मोठं राज्य कोणतं? तेच.

आणि "मत नाही पण मोजणी आहे" हा प्रकार एच-वन-बीपासून सुरू झालेला नाही. मूळ घटनेत गुलामांची संख्या तीन पंचमांश धरून राज्याची लोकसंख्या काढायचे. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. मत अर्थातच एकालाही नाही. त्यांच्या जिवावर दक्षिणेच्या जागा वाढायच्या आणि जागांबरोबर इलेक्टरही. १८०० मध्ये जेफर्सनने तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष ॲडम्सला ७३ विरुद्ध ६५ असं हरवलं. ते गुलामांचे जादा इलेक्टर वजा केले तर ॲडम्स जिंकला असता असं बऱ्याच इतिहासकारांचं म्हणणं आहे. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचा होता, हे उगीच नाही.

कोल्हापुरी ठसका

सोप्पं करून सांगू का? सोसायटी समजा. ए विंगमध्ये १०० फ्लॅट, बी विंगमध्ये ४. कमिटीवर फ्लॅटच्या हिशेबात माणसं, शिवाय दर विंगला वरकड दोन. बी विंगवाले चार घरं आणि तीन मेंबर, म्हणजे जवळजवळ सगळंच खानदान कमिटीवर. तरी पाण्याच्या टाकीचं काम दरवर्षी ए विंगच्याच डोक्यावर. वायोमिंग, सगळ्यात कमी लोकसंख्येचं राज्य, म्हणजे बी विंग. संपला विषय.

पेठकरीण

सोसायटीचं उदाहरण आलं म्हणजे धागा रुळावर आहे :)

पण ठसका, बी विंगची बाजूही ऐका. ते दोन वरकड मेंबर नसते तर बी विंग सोसायटीत आलीच नसती. १७८७ मध्ये लहान राज्यांनी अडून बसूनच सिनेट मिळवली. ते काही कुणी खिरापत म्हणून वाटलं नाही.

त्रैराशिक

चिमणीताई, बाबांच्या प्रश्नाला थेट उत्तर देतो, पण आधी तो प्रश्न का अवघड आहे ते सांगतो. बाबांना आवडेल.

तीन भाऊ आहेत. थोरल्याच्या घरात ६ माणसं, मधल्याच्या ६, धाकट्याच्या २. एकूण १४. आईने १० लाडू पाठवले, म्हणाली माणसांच्या प्रमाणात वाटा.
थोरला ४.२९, मधला ४.२९, धाकटा १.४३. पूर्ण लाडू दिले ४, ४, १. एक उरला. ज्याची बाकी मोठी त्याला, म्हणजे धाकट्याला. झाले ४, ४, २.

आईला वाटलं कमी पडतील. तिने ११ पाठवले. थोरला ४.७१, मधला ४.७१, धाकटा १.५७. पूर्ण दिले ४, ४, १. दोन उरले. आता बाकी मोठी थोरल्याची आणि मधल्याची. झाले ५, ५, १.

लाडू एक वाढला आणि धाकट्याचा एक गेला! माणसं तेवढीच, नियम तोच.

हे कागदावरचं कोडं नाही. १८८० च्या जनगणनेनंतर तिथल्या जनगणना कार्यालयातल्या सीटन नावाच्या प्रमुख कारकुनाने २७५ पासून ३५० पर्यंतच्या प्रत्येक आकड्यासाठी वाटप करून पाहिलं (हाताने!) आणि त्याला दिसलं की सभागृह २९९ चं केलं तर अलाबामाला ८ जागा मिळतात, ३०० चं केलं तर ७. तेव्हापासून याला अलाबामाचा विरोधाभास म्हणतात. मोठ्या बाकीला जागा देण्याची पद्धत पुढे यामुळेच मोडीत निघाली.

आता जी पद्धत आहे ती रात्री टंकतो. ऑफिसचा फोन वाजतोय.

खडूस काका

धाकट्याने आईला फोन करून १० च पाठव म्हणायला हवं होतं.

वकिली बाणा

मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही तिघं मोजले गेलात ते कुणाची मेहेरबानी म्हणून नाही. चौदाव्या घटनादुरुस्तीत शब्द आहेत "राज्यातील व्यक्तींची एकूण संख्या". नागरिक नव्हे, मतदार नव्हे, व्यक्ती. १ एप्रिल २०२० ला तुमचा नेहमीचा मुक्काम एडिसनला होता, बास.

हे बदलायचे प्रयत्न झाले आहेत. फॉर्ममध्ये नागरिकत्वाचा प्रश्न घालायचा घाट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अडला. जुलै २०२० मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढला की बेकायदा राहणाऱ्यांना वाटपाच्या आकड्यातून वगळा. तो अमलात येण्याआधीच जानेवारी २०२१ मध्ये बायडन यांनी रद्द केला. तुमचा व्हिसा कायदेशीर असल्यामुळे त्या आदेशातही तुम्ही वगळले जात नव्हतात, तेव्हा काळजी नसावी.

उलट बाजूही बघा. प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर सुमारे ३२ लाख लोक, जवळजवळ सगळे जन्माने अमेरिकन नागरिक. त्यांचे इलेक्टर किती? शून्य. कारण ते राज्य नाही. खुद्द राजधानीलासुद्धा १९६१ पर्यंत शून्यच होते. तेविसाव्या दुरुस्तीने ३ मिळाले, आणि त्यातही अट आहे की सगळ्यात लहान राज्यापेक्षा जास्त मिळायचे नाहीत. म्हणजे नागरिक असून मोजणीत नसलेले आणि मोजणीत असून नागरिक नसलेले, असे दोन्ही नमुने तिथे आहेत.

परतीचा_पक्षी

अकरा वर्षं तिथे काढून आता बाणेरला परत आलोय. दोन जनगणनांत मोजला गेलो, टॅक्स भरला, मत शून्य, ग्रीन कार्डाची रांग तशीच. बोरूबहाद्दरांनी तीन पंचमांश सांगितलं तेव्हा मनात आलं, आम्हीही तेच की. आमच्या डोक्यांवर इलेक्टर दुसऱ्यांचे.

बोरूबहाद्दर

पक्षी, राग मानू नका पण ही तुलना मागे घ्या. तुम्ही विमानाचं तिकीट काढून गेलात आणि तिकीट काढून परत आलात. त्यांना विकत होते.

तुमच्या रागाला जवळचं उदाहरण हवंच असेल तर गुलामी संपल्यानंतरचं बघा. चौदाव्या दुरुस्तीने तीन पंचमांश गेलं, कृष्णवर्णीय पूर्ण मोजले जाऊ लागले. कागदावर न्याय झाला. मग दक्षिणेने मतदान कर आणि साक्षरता परीक्षा लावून त्यांना मतदानातून बाहेर काढलं. निकाल काय? मत शून्य, मोजणी पाचावर पाच. म्हणजे ज्यांनी त्यांना बाहेर ठेवलं त्यांचेच इलेक्टर वाढले. त्याच दुरुस्तीत लिहून ठेवलं होतं की मत नाकारलं तर त्या प्रमाणात राज्याच्या जागा कापाव्यात. एका राज्याची एक जागा कधी कापली नाही. १९६५ चा मताधिकार कायदा येईपर्यंत हे चाललं.

परतीचा_पक्षी

मागे घेतो. घाईत लिहिलं.

दहा हजार तळी

मिनेसोटातून हजेरी. चिमणीताई, फॉर्मवरून आठवलं. आमचा फॉर्म भरायच्या वेळी लॉकडाउन लागलेलं. आईबाबा डिसेंबरमध्ये व्हिझिटर व्हिसावर आले होते, एप्रिलचं तिकीट होतं, विमानंच बंद. बाहेर बर्फ, घरात मी, नवरा, दोन मुलं, आणि आईबाबांचं "परत कधी जायचं" हे पालुपद.

फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न: १ एप्रिलला या घरात किती जण राहत होते? मी सहा लिहायला निघाले. नवरा म्हणाला, पाहुणे मोजायचे नसतात, सूचना वाच. वाचली. नेहमीचा मुक्काम जिथे, तिथे मोजायचं. आई मागे उभी राहून बघत होती. "आम्हाला खोडलंस होय?" म्हणाली. पुढे जुलैपर्यंत इथेच होती, आणि भाजी कापताना अधूनमधून टोमणा असायचाच: "आम्ही कुठे मोजण्यात!"

असो. स्वतःहून फॉर्म भरण्यात तेव्हा मिनेसोटा देशात पहिला आला होता. आम्ही ठरवून चार लिहिले.

ओमाहाचा_गडी

सगळे वाटप-वाटप करताय, पण राज्याला मिळालेले इलेक्टर पुढे कुणाला जातात ही खरी गंमत आहे आणि ती आमच्याकडे आहे. अठ्ठेचाळीस राज्यांत जो पुढे तो सगळे घेऊन जातो. फक्त मेन आणि नेब्रास्का वेगळे. मेनमध्ये १९७२ पासून, आमच्याकडे १९९२ पासून. नेब्रास्काचे ५. राज्यात जिंकेल त्याला २, आणि तीन मतदारसंघांत जो ज्यात जिंकेल त्याला तिथला १. आमचा ओमाहा दुसऱ्या मतदारसंघात येतो. राज्य पक्कं रिपब्लिकन, ओमाहा कधी इकडे कधी तिकडे. २००८ मध्ये ओबामा, २०२० मध्ये बायडन, २०२४ मध्ये हॅरिस.

२०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पांढऱ्या पाट्या उगवल्या. त्यावर एक शब्द नाही, नुसता निळा गोल. पहिली पाटी पाहिली तेव्हा मला वाटलं रंगकाम करणाऱ्याची जाहिरात आहे. मग कळलं, लाल (रिपब्लिकन) राज्यातला निळा (डेमोक्रॅट) ठिपका म्हणजे आम्ही. पंधरा दिवसांत लाल नेब्रास्काच्या नकाशाच्या पाट्याही लागल्या. माझ्या डावीकडच्या घरासमोर गोल, उजवीकडच्या घरासमोर नकाशा, आणि मधे मी. माझ्या अंगणात फक्त तुळस. तीही कुंडीत, थंडीत आत घ्यावी लागते.

एका ठिपक्यासाठी एवढं का? बोटांवर मोजा. हॅरिसना मिळाले २२६, त्यात आमचा १ आहे. त्यात मिशिगन १५, विस्कॉन्सिन १०, पेनसिल्व्हेनिया १९ मिळवा. बरोबर २७०. आमचा १ काढा, २६९-२६९! म्हणून सप्टेंबरात इथला कायदा बदलून "सगळे एकालाच" करायचा जोर लागला होता. विधिमंडळात ४९ जण, अडवणूक मोडायला ३३ मतं लागतात. रिपब्लिकन पक्षातलाच एक ओमाहाचा सदस्य अडून बसला आणि ते बारगळलं.

कोल्हापुरी ठसका

आणि २६९-२६९ झालं असतं तर?

वकिली बाणा

तर प्रतिनिधिगृहाने निवडायचं. पण डोकी मोजून नाही, प्रत्येक राज्याला एक मत. कॅलिफोर्नियाचे ५२ जण मिळून एक, वायोमिंगचा एकटा सदस्य एक. १८०१ आणि १८२५ मध्ये तसं झालं आहे. तुमच्या ए विंगला झोप लागायची नाही.

कोल्हापुरी ठसका

पाणी बंद करतो त्यांचं.

पेठकरीण

मला एक सांगा, ते सिनेटचे दोन सगळ्यांच्या डोळ्यांत सलतात. वायोमिंगचे साधारण पावणेसहा लाख लोक, ३ इलेक्टर, म्हणजे एकामागे १ लाख ९३ हजार माणसं. कॅलिफोर्नियात ५४, एकामागे ७ लाख ३३ हजार. जवळजवळ चौपट तफावत. पण यामुळे निकाल खरंच फिरतो का, की नुसतीच ओरड?

त्रैराशिक

एकदा फिरला, एकदा नाही. दोन्ही वेळा हरलेल्याला देशभरात मतं जास्त होती.

२०००: बुश २७१, गोर यांनी जिंकलेले २६७ (राजधानीच्या एका इलेक्टरने निषेध म्हणून मतच दिलं नाही, म्हणून नोंद २६६). बुशनी ३० राज्यं जिंकली, त्यांचे सिनेटचे दोन-दोन म्हणजे ६० काढा, २११. गोर यांची २० राज्यं आणि राजधानी, ४२ काढा, २२५. गोर जिंकतात.

२०१६: जिंकलेल्या राज्यांच्या हिशेबाने ट्रम्प ३०६, क्लिंटन २३२. तसेच काढा. २४६ आणि १९०. ट्रम्पच जिंकतात, आरामात.

म्हणजे २०१६ चं खापर वायोमिंगवर फोडता येत नाही. ते "जो पुढे तो सगळे घेऊन जाणार" या पद्धतीमुळे झालं. लोक बोट दाखवतात दोन वरकड इलेक्टरांकडे आणि दुखणं भलतीकडेच असतं.

आणखी एक. तेच २००० चे निकाल, पण इलेक्टर २००० च्या जनगणनेप्रमाणे वाटलेले धरले, तर बुश २७१ ऐवजी २७८ वर जातात. वाटप दहा वर्षं जुन्या मोजणीवर चालतं, तेवढ्यात लोक दक्षिणेकडे सरकलेले असतात.

वकिली बाणा

+१. आणि ती "सगळे एकालाच" पद्धत घटनेत कुठेही नाही. इलेक्टर कसे नेमायचे हे घटनेने राज्यांवर सोडलंय. सुरुवातीला कुठे विधिमंडळ नेमायचं, कुठे मतदारसंघवार. शेजारचं राज्य सगळे इलेक्टर एकगठ्ठा देतंय म्हटल्यावर आपणच का वाटून द्या, असं करत करत १८३६ पर्यंत दक्षिण कॅरोलायना सोडून सगळे तिकडे गेले.

परिणाम कसा होतो बघा. २०२० मध्ये ट्रम्प यांना सगळ्यात जास्त मतं कुठल्या राज्यात मिळाली? टेक्सास नाही, फ्लोरिडा नाही. कॅलिफोर्नियात. साठ लाख. त्या साठ लाखांचे इलेक्टर शून्य.

गोंयकार

धागा अमेरिकेचा आहे, पण बाबांना भारतातलं उत्तर दिलं तर पटकन समाधान होईल. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत बाकीचं काय करायचं ते घटनेतच लिहिलंय, अनुच्छेद ५५. राज्याच्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने भागा, मग हजाराने. बाकी पाचशे किंवा वर असली तर एक वाढवा.

आमचा गोवा: १९७१ ची लोकसंख्या ७,९५,१२०. आमदार ४०. भागाकार १९,८७८. हजाराने भागून १९, बाकी ८७८. म्हणून आमच्या आमदाराच्या मताचं मूल्य २०. महाराष्ट्र: ५,०४,१२,२३५ भागिले २८८, म्हणजे १,७५,०४२. मूल्य १७५. बाकी ४२, ती सोडली. उत्तर प्रदेश २०८, सिक्कीम ७.

आणि हो, १९७१! आजचे आमदार, मोजणी पन्नास वर्षांपूर्वीची. १९७६ मध्ये गोठवली, २००१ मध्ये पुन्हा वाढवून २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. कुटुंबनियोजन केलं त्यांचं वजन घटू नये म्हणून. अमेरिकेत दर दहा वर्षांनी फेरवाटप, आपल्याकडे घड्याळच बंद करून ठेवलंय.

बोरूबहाद्दर

गोंयकार, अमेरिकेनेही एकदा बंद ठेवलं होतं. १९२० च्या मोजणीत पहिल्यांदा शहरातले लोक खेड्यांपेक्षा जास्त भरले. खेड्यांकडच्या खासदारांनी फेरवाटप होऊच दिलं नाही. १९२४ आणि १९२८ च्या निवडणुका १९१० च्या आकड्यांवर झाल्या. मग १९२९ च्या कायद्याने ते आपोआप व्हायची सोय केली आणि सभागृह ४३५ वरच राहिलं. तेव्हापासून एकाला जागा द्यायची तर दुसऱ्याची काढूनच.

पेठकरीण

आपलं घड्याळ सुरू होईल तेव्हा धागा नव्हे, महाधागा निघेल. तो वेगळा काढा, इथे नको.

चिमणी_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार, पण बाबांचा सकाळी परत मेसेज आला: "१२ चं काय झालं?" त्रैराशिक, तुमची रात्र झाली का?

त्रैराशिक

झाली, ताई. बाबांना वही-पेन घ्यायला सांगा.

१९४१ पासून जी पद्धत आहे ती हिल नावाच्या जनगणनेतल्या संख्याशास्त्रज्ञाची आणि हंटिंग्टन या हार्वर्डच्या गणितज्ञाची. यात बाकी हा प्रकारच नाही. पंगतीत वाढतात तशी एकेक जागा वाढत जायची.

आधी पन्नास राज्यांना एकेक. घटनेनेच तसं सांगितलंय. उरल्या ३८५. आता प्रत्येक राज्याची लोकसंख्या घ्या आणि "हातात असलेल्या जागा गुणिले पुढची जागा" याच्या वर्गमूळाने भागा. एक जागा असेल तर १ × २ चं वर्गमूळ, १.४१४. दोन असतील तर २ × ३ चं, २.४४९. ज्याचा भागाकार सगळ्यात मोठा, पुढची जागा त्याची. त्याला मिळाली की त्याचा भाजक वाढतो, तो रांगेत मागे जातो. ५१ वी जागा कॅलिफोर्निया, ५२ वी टेक्सास, ५३ वी पुन्हा कॅलिफोर्निया, ५४ वी फ्लोरिडा, असं करत ४३५ पर्यंत.

आता न्यू जर्सी. वाटपासाठीची लोकसंख्या ९२,९४,४९३. बारावी जागा मागताना भाजक ११ × १२ चं वर्गमूळ, ११.४८९. भागाकार ८ लाख ८ हजारांच्या वर. आरामात मिळाली. तेरावी मागताना भाजक १२.४९, भागाकार सुमारे ७ लाख ४४ हजार. आणि शेवटची, ४३५ वी जागा गेली तेव्हाचा भागाकार होता ७ लाख ६३ हजारांच्या जवळ. म्हणजे तेराव्यासाठी न्यू जर्सीची रांग लागायच्या आधीच पातेलं रिकामं झालं. आणखी साधारण २ लाख ३५ हजार माणसं असती तर १३ अधिक २, १५ झाले असते.

ती शेवटची जागा मिनेसोटाची. भागाकार ७,६२,९९८. रांगेत पुढचा नंबर न्यूयॉर्कचा, सत्ताविसाव्या जागेसाठी, भागाकार ७,६२,९९४. न्यूयॉर्कला ८९ माणसं कमी पडली. दोन कोटींच्या राज्याला एकोणनव्वद. एक इलेक्टर गेला, २९ चे २८ झाले.

अवांतर: ही पद्धत १९४१ मध्ये स्वीकारली तेव्हा आधीच्या पद्धतीपेक्षा फरक फक्त एका जागेचा होता. मिशिगनची एक जाऊन आर्कान्सॉला मिळत होती. आर्कान्सॉ तेव्हा डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला आणि बहुमतही त्यांचंच. वर्गमूळ आवडलं म्हणून कुणी हात वर केला नव्हता.

खडूस काका

८९ म्हणजे आमच्या चाळीचे दोन मजले. कुणी दारावर आलेल्या माणसाला "साहेब घरी नाहीत" सांगितलं असेल.

ओमाहाचा_गडी

गंमत म्हणजे नंतर सरकारने स्वतःच तपासणी पाहणी केली, तेव्हा निघालं की मिनेसोटा आणि न्यूयॉर्क दोन्हीकडे माणसं प्रत्यक्षाहून जास्त मोजली गेली होती आणि टेक्सास-फ्लोरिडात कमी. पण वाटप त्याने बदलत नाही. गेलेला लाडू गेला.

वाचनमात्र

शेंगदाणे संपले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा प्रतिसाद देतोय: त्रैराशिक यांना दंडवत.

चिमणी_एडिसन

बाबांना सगळं वाचून दाखवलं. मधेच थांबवून म्हणाले, "लाडवांचं उदाहरण चांगलं आहे, मी असतो तर पेढे घेतले असते." मग फोन ठेवला. दोन तासांनी व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचे तीन फोटो. न्यूयॉर्कच्या भाजकासाठी ७०२ चं (२६ × २७) वर्गमूळ हाताने काढलंय, पाच दशांश स्थळांपर्यंत, जुन्या भागाकाराच्या पद्धतीने, आणि खाली दोन रेघा मारून उत्तर. तुमचे ८९ बरोबर आहेत, त्यांचे ८८.८ येतात, "माणूस अपूर्णांकात नसतो म्हणून ८९" अशी तळटीप.

त्याखाली त्यांनी उलट गणितही केलंय. न्यूयॉर्कची माणसं तेवढीच ठेवायची आणि मिनेसोटाची किती कमी झाली तर ती जागा जाते? उत्तर २६. मिनेसोटात २६ माणसं कमी भरली असती तर जागा न्यूयॉर्कला.

माझ्या दुसऱ्या प्रश्नावर मात्र एकच ओळ: "तू मोजली गेलीस ना, मग हिशेबात आहेस. फॉर्म पुढच्या वेळीही तूच भर."

दहा हजार तळी

काकांना सांगा, त्या २६ मधले चार आम्ही. आईला मोजलं असतं तर सहा. हे तिला मी अजिबात सांगणार नाहीये.